मदत हवी आहे: ‘आवॅरो’ या योरूबा नावाचा अर्थ काय? (जन्मनोंदणीला ११ दिवस उरलेत)

पेकमवासी

नमस्कार मंडळी. एका हाताने टंकतेय, दुसऱ्या हातात बाळ आहे, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

आम्ही लंडनच्या दक्षिणेला, पेकमला राहतो. इथे नायजेरियन वस्ती इतकी की भाजीवाल्याकडे बटाट्याआधी यॅम (त्यांचा कंद) दिसतो. लेक झाली तेव्हा आईचा व्हिसा वेळेत झाला नाही आणि सासूबाईंचा गुडघा नेमका त्याच महिन्यात गेला. बाळाला न्हाऊ घालायला घरात कोणीच नाही. आम्ही दोघं त्या प्लास्टिकच्या टबाकडे परीक्षेचा पेपर बघावा तसे बघत बसलेलो.

चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. नायजेरियातल्या योरूबा समाजाच्या आहेत, माहेर तिथल्या इबादान शहराचं. बूट काढले, जमिनीवर पाय पसरून बसल्या, बाळाला पायांवर पालथं घेतलं आणि सुरू! आमच्याकडे लहानपणी न्हाऊ घालायला बाई यायच्या, अगदी त्याच. तेलाच्या जागी शिआ बटर (त्याला त्या ‘ओरी’ म्हणतात), डाळीच्या पिठाच्या जागी साबण, बाकी काही फरक नाही. उलटसुलट हातपाय ओढणं तेच, डोक्याला गोल आकार देणं तेच, आणि मी दारात उभी राहून ‘हळू, हळू’ करणंही तेच. शेवटी त्या बाळाला एका छापील कापडात घट्ट गुंडाळतात, वर धरतात आणि म्हणतात, ‘आवॅरो!’

पहिल्यांदा मला वाटलं मराठीच बोलल्या. ‘आवरलं’ म्हणाल्या की काय!

अर्थ विचारला तर हसतात. इंग्रजीत सांगताना त्यांचं अडतं, ‘बाथ, बाथ, फाइन क्लोथ’ एवढंच. नेटवर बाळांच्या नावांच्या साइट्स पाहिल्या. एकीवर ‘सुंदर’, दुसरीवर ‘शुभ अंक ७’, तिसरी विचारते ‘मुलगा की मुलगी?’ धन्य.

बारसं बाराव्या दिवशी घरच्या घरी झालं, नाव ठेवलंय. पण इंग्लंडात ४२ दिवसांच्या आत जन्म नोंदवावा लागतो आणि आज ३१वा दिवस. ‘आवॅरो’ दुसरं नाव म्हणून घालावं असं फार मनात आहे. नवरा तयार आहे, सासूबाई नाहीत. विचारायचं ते असं: अर्थ नक्की काय? किती दुर्मीळ आहे? आणि असं नाव कागदावर घालतात का, की ते घरातच ठेवायचं असतं?

लागोसरिटर्न

अभिनंदन! नोकरीनिमित्त अकरा वर्षं नायजेरियात काढलीत, त्यातली चार इबादानला. तुमच्या आजींनी जे दिलंय ते साधं नाव नाही, ‘ओरिकी’ आहे.

योरूबा मुलाला नावं बरीच असतात. काही जन्मासोबतच येतात. जुळ्यांतलं पहिलं बाहेर आलं ते तायवो, मागून आलं ते केहिंदे. (आणि मोठा मान मागून आलेल्याला! म्हणे त्याने धाकट्याला जग कसंय ते बघायला पुढे पाठवलं.) काही नावं आठव्या दिवशी, मध, मीठ, कोला (एक कडवट बी) हे सगळं बाळाच्या ओठाला लावून ठेवतात. आणि तिसरं हे ओरिकी, म्हणजे गौरवाचं नाव. मुलाचं असेल तर पराक्रमाचं, उदा. आजानी, झगडून मिळवलेला. मुलीचं असेल तर लाडाचं. आबॅके म्हणजे विनवण्या करून मिळवली आणि लाडात वाढवायची. आबॅबी तर शब्दशः आपली ‘नवसाची’.

आता आवॅरो. आ म्हणजे ‘जी’, वॅ म्हणजे न्हाऊ घालणे, रो म्हणजे नेसवणे. न्हाऊ घालून नेसवायची अशी ती. सॅम्युअल जॉन्सन नावाच्या योरूबा पाद्र्याने आपल्या लोकांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला, तो छापला गेला १९२१ मध्ये. त्यातल्या ओरिकींच्या यादीत हे नाव आहे, म्हणजे आजींनी न्हाणीघरात बनवलेलं नाही.

आणि इथे मराठी माणसाला एक गंमत कळते जी इंग्रजीत कळायची नाही. इंग्रजीत भाषांतर होतं ‘धुऊन सजवलेली’. पण ‘रो’ म्हणजे सजवणं नव्हे. तिकडच्या बायका कमरेला जे कापड गुंडाळतात त्याला ‘इरो’ म्हणतात, आणि ते गुंडाळण्याचं क्रियापद ‘रो’. शिवलेला कपडा घालायचा तर ‘वॉ’, टोपी घालायची तर ‘दे’, डोक्याला ‘गेले’ हा बायकांचा फेटा बांधायचा तर ‘वे’. आपण साडी नेसतो, झबलं घालतो, फेटा बांधतो. साडी ‘घातली’ म्हणालं की आजी कान पिळायची, आठवतंय? तोच भेद. तुम्ही ते जे छापील कापड म्हणताय ना, तेच ‘रो’. आजी रोज नाव उच्चारत नाहीयेत, नाव करून दाखवताहेत.

मध्यम_पंचम

उच्चाराचं सांगतो, कारण चुकलात तर आजी हसतील. योरूबात तीन सूर आहेत: खालचा, मधला, वरचा. शिकवताना डो-रे-मी म्हणून शिकवतात, म्हणजे आपले सा, रे, ग. ‘आवॅरो’ आहे सा-सा-ग. शेवटचं अक्षर वर न्या. ‘वॅ’मधला स्वर ‘ए’पेक्षा तोंड जास्त उघडून.

सूर चुकला तर शब्दच बदलतो. ‘ऑकॉ’ एका सुरात नवरा, दुसऱ्यात कुदळ, तिसऱ्यात गाडी, चौथ्यात भाला. त्यांचा दुंदुन ढोल नुसत्या सुरांवर माणसाची ओरिकी ‘बोलतो’, आणि ज्याची त्याला ती कळते.

कोथरूडकर_काका

मराठीत नावांचा दुष्काळ पडलाय का? उद्या शाळेत पोरीला ‘आवर, आवर’ म्हणून चिडवतील.

सुमनआजी

काका, लंडनच्या शाळेत ‘आवर’ कोणाला कळणार?

वरती कुदळीचं वाचलं म्हणून आठवलं. आमच्याकडे मुलं जगत नसली की दगडू, धोंडू, केरबा ठेवायचे, यमाने ढुंकून बघू नये म्हणून. भाऊ लागोसला होता, तो सांगायचा की त्यांच्यातही आहे. ‘मालोमो’ म्हणजे परत जाऊ नकोस. ‘कोसोको’ म्हणजे कुदळच नाही, मग खड्डा खणणार कशाने! या नावाचा लागोसला राजाही होऊन गेला. वाचून पोटात कालवतं खरं. त्यापुढे तुमचं हे न्हाणं-नेसणं किती सुखाचं. घाला बिनधास्त.

आकडेमोड

दुर्मीळतेबद्दल. इंग्लंड-वेल्सचं सांख्यिकी कार्यालय नावांची वार्षिक यादी काढतं, पण वर्षात किमान ३ बाळांना ठेवलेलं नावच त्यात येतं. अमेरिकेच्या यादीत ही मर्यादा ५. शिवाय दोन्हीकडे मोजतात ते पहिलं नाव. ओरिकी बहुतेकदा पहिलं नाव नसतंच, आणि कित्येकदा दाखल्यावरही नसते. त्यामुळे यादीत शून्य दिसलं तरी नाव मेलं असा अर्थ काढू नका. ते वेगळ्या ठिकाणी जगतं. उलट उदाहरण ‘आशाके’. ही मुलींची ओरिकी. नायजेरियातल्या एका गायकाने आईचं हे नाव स्वतःसाठी घेतलं आणि आता ते जगभर पोचलंय. तुमचं आवॅरो त्या मानाने फारच आडबाजूचं.

नोंदणीची घाई असेल तर: आत्ता राहिलं तरी नोंदणीनंतर १२ महिन्यांच्या आत नाव वाढवता येतं, फी आणि फॉर्म लागतो. रजिस्ट्रारला विचारून घ्या.

लागोसरिटर्न

कागदावर घालतात का, हे राहिलंच. घालायला मनाई नाही. पण एक ध्यानात ठेवा, ओरिकी मोठ्यांनी लहानांना म्हणायची असते. सकाळी मुलगी गुडघे टेकून नमस्कार करते तेव्हा आजी-आजोबा त्या नावाने तिला गोंजारतात. धाकट्याने मोठ्याला त्या नावाने हाक मारणं उद्धटपणा. उद्या शाळेतल्या बाईंनी हजेरीत पुकारलं तर चालेल, धाकट्या भावाने पुकारलं तर आजी डोळे वटारतील. तुम्ही त्यांनाच विचारा ना.

पेकमवासी

विचारलं! सकाळी न्हाणं चालू असताना सा-सा-ग म्हणून दाखवलं. माझा ‘ग’ पडला, त्यांनी तीनदा म्हणायला लावलं. मग कागदाचं विचारलं, तर म्हणाल्या कागदावर तुला हवं ते लिही, मी काही कागद बघून हाक मारणार नाही.

सासूबाईंना फोनवर नेसण्या-घालण्याचं सांगितलं. बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, ‘कापड सुती आहे ना?’ म्हणजे झालंच आमचं. गुरुवारी सव्वादहाची वेळ मिळाली आहे, दुसरं नाव म्हणून घालतोय.

आणि @लागोसरिटर्न, आजींना मी ‘रो’ला मराठीत काय म्हणतात ते सांगितलं. आता कापड गुंडाळताना त्या ‘नेशव, नेशव’ म्हणताहेत. सूर भलताच लावतात, पण आता दुरुस्त करायची पाळी माझी.