गावात लाईट जाते, तरी महागडा फिल्टर घ्यावा का?

कपाशीवाला (दर्यापूर तालुका)
नमस्कार. मुलीसाठी ३ बाय १ बाय १ फुटाचा फिशटँक करून घेतला, म्हणजे साधारण ८५ लिटर. दुकानदार म्हणतो एहाइमचा कॅनिस्टर फिल्टरच घ्या, जर्मन कंपनी आहे, आवाज नाही. पण तेवढ्या पैशात साधा फिल्टर, हवेचा पंप, लाईट सगळं येऊन वर पैसे उरतात. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, पाणी बोअरचं. काय करू?

अकोटकर
भाऊ, एहाइम चांगलाच, त्यात वाद नाही. पण कॅनिस्टर म्हणजे बंद डबा. लाईट गेली की आतलं पाणी थांबतं आणि माशांची घाण पचवणारे जिवाणू ऑक्सिजनवाचून मरायला लागतात. माझ्याकडे मे महिन्यात रात्री गेलेली लाईट सकाळी आली. फिल्टर सुरू झाला तसा सडक्या अंड्याचा वास सुटला. दुपारपर्यंत सहापैकी चार मासे गेले. फिल्टर महागडाच होता. पोरगं दिवसभर जेवलं नाही.

आता दोन स्पंज फिल्टर (हवेच्या पंपावर चालणारे) आहेत, आणि लाईट गेली की आपोआप बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. स्पंज नळाखाली धुवू नका, टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळा.

आपल्या उन्हाळ्यात हवा सगळ्यात महत्त्वाची. २० अंशाला लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. झाकण काढून छोटा पंखा पाण्यावर सोडला की दोन-तीन अंश उतरतात. मात्र उडालेल्या पाण्याची भर बोअरच्या पाण्याने घालू नका. क्षार मागेच राहतात आणि वाढत जातात. आरओचं नाहीतर साठवलेलं पावसाचं पाणी घाला.

वर्धेची ताई
अकोटकर दादांशी सहमत. पण हीटरला कंजुषी करू नका हो. स्वस्त हीटरचा थर्मोस्टॅट (ठराविक तापमानाला बंद करणारा भाग) अडकला तर पाणी तापतच राहतं. डिसेंबर-जानेवारीपुरता लागतो, १०० वॉटचा पुरे. सोबत वेगळा थर्मामीटर लावा. टाकीवरचा दिवा साधा चालेल, खरी झाडं लावणार नसाल तर.

कपाशीवाला
मनापासून आभार. फिल्टरचे पैसे हीटर आणि बॅटरीच्या पंपाला लावतो. मुलीला एंजल मासे हवेत, जमतील?

अकोटकर
खारपाणपट्ट्याच्या, म्हणजे आपल्या खाऱ्या भागाच्या पाण्यात एंजल नको, त्यांना मऊ (कमी क्षारांचं) पाणी मानवतं. मोली आणि गप्पी आणा, त्यांना जड पाणी सोसतं. घाण पचवणारे जिवाणू वाढावेत म्हणून टाकी मासे न टाकता महिनाभर चालू द्या. पोरीला तेवढं थांबायला सांगा.