माळ्यावरून खाली आलेली गिटार: तुमचे पहिले तीन महिने कसे गेले?

चष्मेबहाद्दर

गणपतीचं मखर काढायला माळ्यावर चढलो होतो. मखरामागे, जुन्या गादीच्या खोळीत गुंडाळलेली लेकीची गिटार निघाली. दहावीच्या सुट्टीत हट्टाने घेतलेली आणि अकरावीचे क्लास सुरू झाल्यावर वर गेलेली. ज्यांच्या घरी दहावी होऊन गेलेलं मूल आहे त्यांनी आपापला माळा तपासावा, अशी एक सापडेलच. लेक आता बंगळुरूला नोकरीत. मी ४७ वर्षांचा, माझा गाण्याशी संबंध अंघोळीपुरता. तरी खाली आणली.

पहिल्याच संध्याकाळी पराक्रम केला. फोनवर ट्यूनर घेतला, दुसरी तार छेडतोय, खुंटी पिळतोय, पण काटा जागचा हलत नाही. अजून पिळली. ताडकन आवाज झाला आणि पहिली तार तुटून गालाला चाटून गेली. सगळा वेळ मी शेजारचीच खुंटी पिळत होतो. आतून बायकोचा आवाज, "झालं का वाजवून?"

त्याला दोन महिने झाले. कॉर्ड, म्हणजे बोटांची एक मांडणी धरून एकदम वाजवायचे सूर, त्यांतली ई मायनर येते, जी येते, सीला तिसरं बोट भलत्याच तारेवर जातं आणि एफचं नाव काढू नका. बोटांची टोकं आधी जळजळली, मग साल निघाली, आता कडक झाली आहेत. बँकेच्या ॲपला माझा अंगठा चालतो, पण तर्जनी ओळख देत नाही.

शिकवणारे व्हिडिओ ढीगभर आहेत. पण सुरुवातीला माणसाचं काय होतं, कुठे अडतं, कशाने सुटतं, हे कोणी धड सांगत नाही. तुमचं काय झालं ते लिहा. सोडून दिलेल्यांनी तर नक्कीच लिहा.

सव्वासातची लोकल

मी डोंबिवलीची, बँकेत आहे. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन मागवली. पहिले चार महिने मी गिटार शिकले नाही, गिटारचे व्हिडिओ बघितले. रोज नवा सर, रोज 'फक्त तीन कॉर्डमध्ये' असं नवं गाणं, आणि एकही पूर्ण नाही.

मग कंटाळून स्वयंपाकघरातला टायमर घेतला. एक मिनिट लावायचं, ए आणि डी या दोनच कॉर्ड, आणि मिनिटभरात अदलाबदल किती होते ते मोजायचं. पहिल्या दिवशी ११. तेवढ्यातसुद्धा चार वेळा तार थडथडली. फ्रिजवरच्या दुधाच्या हिशेबाच्या कागदावर रोजचा आकडा लिहायला लागले. महिन्याने ३४ झाले. ४० पार झाल्यावर गाण्याच्या मध्ये थांबावं लागेना. माझा सगळा रियाझ एवढाच होता, रात्री जेवणं झाल्यावर १५ मिनिटं. सासूबाई नऊला झोपतात, म्हणून घोडीजवळ, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा टेकतात तिथे, तारांखाली पायमोजा खोचून वाजवायचे. आवाज जवळजवळ मरतो, पण हाताला वळण लागतं.

खरी पंचाईत नखांची झाली. डाव्या हाताची नखं मुळापर्यंत कापावी लागतात, नाहीतर बोट तारेवर उभं राहत नाही. नणंदेच्या लग्नात मेंदी काढणारी म्हणाली, "ताई, एका हाताची वाढवायची राहिली का?" कोणाकोणाला सांगत बसणार. त्या दिवशी सगळ्या फोटोंत डावा हात पदराखाली आहे.

फुकटचा सल्ला

तीन आठवडे. दोन हजार आठशेला घेतली, बाराशेला विकली. बोटं दुखली म्हणून नाही, शेजाऱ्यांच्या मुलाने माझं स्ट्रमिंग ऐकून "काका, पंखा दुरुस्त करताय का?" असं विचारलं म्हणून. आता तबला ऐकतो. नुसता ऐकतो.

पेटीवाले

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवतो. पुतण्याने गिटार आणली आणि म्हणाला, काका, तुम्हाला स्वर कळतात, तुम्हाला काय अवघड? अवघड होतं. पेटीवर सूर समोर मांडून ठेवलेले असतात, इथे तोच सूर चार ठिकाणी सापडतो, आणि दर वेळी वेगळ्याच बोटाने.

माझी गाडी रुळावर आली ती दोन गोष्टींनी. एक म्हणजे तारांचं नातं. जाड तारेकडून खाली येत गेलात की प्रत्येक तार पुढच्या तारेशी सा-म नात्यात असते. फक्त तिसरी आणि दुसरी यांच्यात सा-ग. हे कानाला पटलं आणि ट्यूनरची गरज एका तारेपुरती उरली. चष्मेबहाद्दर, काटा बघू नका, कान लावा. गाल वाचेल.

दुसरी गोष्ट कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा. (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या ते पडदे.) आमचे बुवा काळी एकमध्ये गातात, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून. व्हिडिओवाले सगळे पांढऱ्यांवर. मग कळलं की पहिल्या पडद्यावर कॅपो लावला आणि सीची बोटं धरली की झाली काळी एक. तसंच डीची काळी दोन, जीची काळी चार, एची काळी पाच. एकटी काळी तीन आडमुठी, तिथे कॅपो दुसऱ्या पडद्यावर नेऊन ई धरायची. हे मी पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवलंय.

आता मुख्य मुद्दा, आणि नवशिक्यांनी हा आधी वाचावा. आमच्या पुतण्याची बोटं रक्ताळायची. क्लासचे सर म्हणत, सवय होईल. मला शंका आली, कारण तारा पडद्यांपासून फारच उंच होत्या. मिरज जवळच. सतारमेकर गल्लीत तीस-चाळीस पावलांवर एकेक तंतुवाद्याचं दुकान. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ती हीच मंडळी. एका ओळखीच्या कारागिराकडे गिटार नेली. आधी हसले, म्हणाले, हे आमचं काम नव्हे. पण बाराव्या पडद्यावर पट्टी लावली, चार मिलिमीटर उंची निघाली आणि मग त्यांचेच हात शिवशिवले.

बारावा पडदा तारेच्या बरोब्बर मध्यावर असतो. तिथे तार एक मिलिमीटर खाली हवी असेल तर घोडीवरची पांढरी पट्टी दोन मिलिमीटर घासावी लागते. हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. त्यांनी पट्टी काढली, खालच्या बाजूने कानसीने घासली, पुन्हा बसवली. अर्ध्या तासाचं काम, पैसे घेईनात, पेढे दिले. पुतण्याने त्याच संध्याकाळी पहिल्यांदा सी स्वच्छ वाजवली. बोटं तीच होती.

शेवटचा बाक

पेटीवाले काकांना साष्टांग. हे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर! मी इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर शिकलो. कारण खरं सांगू का, गॅदरिंग. आणि गॅदरिंगचं कारण सांगत नाही, तिचं लग्न झालंय.

एफबद्दल सांगतो. सगळे पहिल्या पडद्यावरच तर्जनी सहाही तारांवर आडवी टाकून रडत बसतात. पण तिथे तार सगळ्यात ताठ लागते, कारण शेजारीच दांड्याच्या टोकाची हाडाची पट्टी तिला धरून असते. मला रूममेटने पाचव्या पडद्यावर बसवलं. बोटांचा आकार तोच, तिथे ती ए होते, आणि तार निम्म्या जोरात दबते. तिथे आठवडा काढायचा, मग चौथा पडदा, मग तिसरा. खाली उतरत उतरत पहिल्यावर यायचं. आणि तर्जनी पोटावर नाही टाकायची, किंचित कुशीवर, अंगठ्याकडच्या हाडाळ बाजूवर. मला १९ दिवस लागले. तोवर चार तारांची छोटी एफ वाजवली, गॅदरिंगमध्ये कोणाला कळलंही नाही. तिलाही नाही.

म्हादईकाठ

मी गोव्याचो. आमच्या वाड्यावर गिटार म्हणजे काही खास वस्तू नव्हे, भिंतीला टांगलेलीच असते, छत्रीशेजारी. शेजारचे अंकल तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेजो, म्हणजे दो-रे-मी म्हणत स्वर वाचून गाणं, शिकलेले, त्यामुळे अजून तांदूळ निवडतानाही दो-रे-मी पुटपुटतात.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मला वाटलं कॉर्ड शिकवतील. त्यांनी डाव्या हाताने सगळ्या तारा अलगद झाकून ठेवायला सांगितल्या आणि पंधरा दिवस नुसता उजवा हात चालवायला लावला. सूर नाही, फक्त खर्र खर्र. मी घाई केली की म्हणायचे, "सवकास, बाबा, सवकास." त्यांचा नियम एकच: हात थांबता कामा नये. एकापासून आठापर्यंत मोज. विषम आकड्याला हात खाली, सम आकड्याला वर. आठही वेळा हात हलणारच, पण तारेला लागायचं फक्त एक, तीन, चार, सहा, सात आणि आठला. दोन आणि पाचला हात हवेतून जाणार. हा ताल एकदा अंगात मुरला की अर्धी गाणी त्यावर बसतात. नंतर कॉर्ड चुकली तरी हात चालू राहिला, आणि ऐकणाऱ्याला चूक कळली नाही. डावा हात अडखळला म्हणून उजवा थांबवणाराच पकडला जातो.

पावसाळ्याचं लिहून ठेवतो, कोकणवाल्यांनाही लागू. जून ते सप्टेंबर स्टीलच्या तारा दीड महिन्यात गंजतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने प्रत्येक तार वरून-खालून पुसायची. लाकूड दमटपणाने फुगतं, पोट वर येतं आणि तारा उंच होतात. ऑगस्टमध्ये अचानक बोटं दुखायला लागली तर आधी गिटारकडे बघा. बुटाच्या खोक्यातल्या त्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या मी फेकत नाही, केसमध्ये टाकतो.

बर्फातली भाकरी

इथे शिकागोत नेमकं उलटं. हिवाळ्यात हीटर चालू झाला की लाकूड सुकून आक्रसतं, पडद्यांची टोकं कडेने बाहेर येतात आणि हात फिरवला की खरचटतं. पहिल्या वर्षी कळलंच नाही, वाटलं मलाच जमत नाहीये. आता साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला स्पंज ठेवते आणि ती डबी केसमध्ये. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, ती म्हणाली, गिटारला ओलावा ठेवतेस, आणि ओठांना काही लावत नाहीस.

डावखुरा झालेला

थोडं लांबेल, सांभाळून घ्या. मी चाकणला एका कारखान्यात प्रेस मशीनवर होतो. २०१७ मध्ये डाव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची पेरं गेली. कॉलेजात असताना गिटार घ्यायची राहून गेली होती. घरी बसल्यावर तीच आठवली. चौकशीला गेलो त्या क्लासच्या सरांनी हात बघितला आणि म्हणाले, कीबोर्ड घ्या. वाईट हेतू नव्हता त्यांचा, पण मी घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोललो नाही.

मग भाच्याने दोन गिटारवादकांबद्दल सांगितलं. जँगो राइनहार्ट, आगीत हात भाजला आणि दोन बोटं जवळजवळ निकामी झाली, उरलेल्या दोन बोटांवर सोलो वाजवायचा. आणि टोनी आयोमी, 'ब्लॅक सॅबथ' या रॉक बँडचा. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात १७ व्या वर्षी उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि हलक्या तारा लावल्या. मशीन, बोटं, सगळं ओळखीचं वाटलं. त्याचं संगीत मला अजून झेपत नाही, हे वेगळं.

टोप्या मला जमल्या नाहीत, घसरायच्या. मी बाजू बदलली. उजवा हात दाबायला, डावा छेडायला, पिक, म्हणजे तार छेडायची चकती, धरायला अंगठा आणि तर्जनी पुरतात. डावखुऱ्यांची गिटार आमच्याकडे दुकानात नव्हती, मागवली तर महाग. साधीच घेऊन तारा उलट्या लावल्या. इथे एक अडचण येते ती सांगतो: खुंट्यांकडच्या वरच्या पट्टीतल्या खाचा तारांच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात. जाड तार बारीक खाचेत बसत नाही, बारीक तार रुंद खाचेत थरथरते. ती पट्टी काढून नवी बसवावी लागते, स्वस्त असते. घोडीवरची पट्टीही तिरकी असते, ती उलटी झाल्यामुळे वरच्या पडद्यांवर सूर थोडा ढळतो. पहिल्या पाच पडद्यांत मला फरक जाणवत नाही आणि माझा संसार तिथेच चाललाय.

आठ महिन्यांनी एक आरती पूर्ण वाजली. कॉलनीच्या गणपतीत वाजवली. लोक चुकीच्या पट्टीत गायले, तो त्यांचा प्रश्न.

आजोबा

आमच्या वेळी गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवत, हवाईयन. उजव्या हातात नख्या, डाव्या हातात पोलादी कांडी. पं. ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग वाजवले ते रेकॉर्डवर ऐकून मी १९७४ साली शिकायला लागलो, ऑर्केस्ट्रात दोन वर्षं वाजवलीही. ६८ व्या वर्षी नातवाची उभी गिटार हातात घेतली तर एकही बोट कामाचं नाही. नायलॉनच्या तारांची घेतली, संधिवाताला तेवढी दया येते. तीनच तारांवर कॉर्ड धरतो.

एक सूचना. घरात जुनी गिटार असेल तर वरची पट्टी बघा. हवाईयनसाठी तारा मुद्दाम उंच करत, कांडी पडद्यांना लागू नये म्हणून. तशी गिटार बोटांनी दाबायला गेलात तर भीमही हरेल.

चष्मेबहाद्दर

सगळं वाचून लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी शोधली. बाराव्या पडद्यावर जवळपास चार मिलिमीटर. दोन महिने स्वतःला शिव्या घातल्या त्या परत घेतो. तिला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, "म्हणूनच तर मी सोडली होती ना बाबा!" आणि मग, "पण माझी गिटार कोणाला विचारून काढलीत?"

पेटीवाले, मिरजेत रविवारी दुकानं उघडी असतात का?

पेटीवाले

आधी फोन करून या, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो. तारा नव्या घालून आणा, आणि तुटलेल्या पहिल्या तारेचा तुकडा उरला असेल तर तोही आणा. आमचे कारागीर तो बघून हसतील, पण काम मनापासून करतील.