मित्र बेशुद्ध पडला तर १०८ ला फोन करायचा की होस्टेल वाचवायचं?

कृष्णाकाठचा: २६ जून, अमली पदार्थविरोधी दिन, झाला. सांगलीतल्या एका कॉलेजात रॅली, शपथ, ग्रुप फोटो, सगळं यथासांग पार पडलं. नियम मात्र जुनाच. नशेत सापडला तो होस्टेलबाहेर, सोबतचेही बाहेर. माझ्या मते हा नियम पोरांना दारूपासून नाही, दवाखान्यापासून लांब ठेवतो. कुणी आडवा झाला की मित्रांना आधी रेक्टर आठवतो. मग डोक्यावर पाणी ओत, लिंबू पाज, आणि 'सकाळपर्यंत उतरेल' म्हणत उताणा झोपवून दार ओढून घे. उताण्या माणसाला उलटी झाली की ती श्वासनलिकेत जाऊ शकते. शेवटचे पेग अजून पोटातच असतात, म्हणजे पिणं थांबलं तरी चढणं थांबलेलं नसतं. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका; हलवूनही जागा होत नसेल, श्वास अडखळत असेल, अंग गार पडलं असेल तर थेट १०८. शिकवायला पाच मिनिटं लागतात. मदत मागणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी मागितली त्याच्यावर कारवाई नको, एवढीच माझी मागणी आहे.

विटेकर: मी पोराचा बाप आहे, म्हणून स्पष्टच बोलतो. २०२४ मध्ये कुपवाडला एमडीचा (मेफेड्रोन या अमली पदार्थाचा) साठा सापडला, मग इरळीत कारखाना. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या विट्याशेजारी कार्वेत आणखी एक. आग दारात आलीय आणि तुम्ही सवलती वाटताय? उद्या जो पकडला जाईल तो म्हणेल, 'सर, आम्ही मदतच मागत होतो.' धाक हवाच.

कृष्णाकाठचा: विकणाऱ्याला कुणी सूट मागितलीय? त्याला खुशाल आत टाका. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा, कडक म्हणून प्रसिद्ध. त्यातही कलम ६४अ आहे. थोड्या प्रमाणातल्या अमली पदार्थाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून उपचाराला गेला तर त्याला खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढून घेता येते. कायद्याला जमतं ते कॉलेजला का जमू नये?

प्राध्यापिका_मिरज: कलम बरोबर, जोडलं चुकीच्या जागी. ते उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसासाठी आहे, शनिवारच्या पार्टीतल्या पोरासाठी नाही. शिवाय महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. आमच्या वर्गातली मुलं १८-१९ ची. 'कारवाई नाही' असं लेखी दिलं की तेच पालक केबिनमध्ये येऊन विचारतात, 'म्हणजे कॉलेजची परवानगी होती का?' वरून रेक्टरची नोकरी जाते ती वेगळीच. पहिल्या वेळी होस्टेल राहू दे, पण समुपदेशन सक्तीचं. दुसऱ्यांदा गय नाही.

एफवायचा_पोरगा: समुपदेशकांची खोली ऑफिसच्या समोर आहे मॅडम. आत कोण गेलं ते कॅन्टीनला चहा यायच्या आत कळतं. त्यापेक्षा १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन केलेला बरा. आणि शपथेत नुसतं 'मादक पदार्थ' म्हणतात. आमच्या जिमला मेफेंटरमाइनची इंजेक्शनं घेणारे आहेत, त्यांना वाटतं हे औषधच. ऑपरेशनमध्ये उतरलेला बीपी वर आणायचं ते औषध. हे लोक ते घेऊन छातीचे सेट मारतात. दारूला हात न लावणारी, पहाटे पळायला जाणारी पोरं आहेत ही. त्यांना रॅली काय सांगणार?

विटेकर: हे मात्र नवीन कळलं. माझाही जिमला जातो. आज विचारतोच.

प्राध्यापिका_मिरज: विचारा, पण दरडावून नको, नाहीतर 'प्रोटीन आहे' एवढंच उत्तर मिळेल.

कृष्णाकाठचा: मॅडम, एकच सांगा. रात्री दोनला पहिला फोन कुणाला?

प्राध्यापिका_मिरज: १०८. मग रेक्टर. यात दुमत नाही.

कृष्णाकाठचा: हे नियमावलीत छापा.

प्राध्यापिका_मिरज: समितीपुढे ठेवीन. 'पालकांना कळवलं जाईल' ही ओळ मात्र त्याखाली राहणार.

एफवायचा_पोरगा: झालं! घरी कळणार म्हटल्यावर कोण फोन लावतंय?

विटेकर: घरी कळायला नको असेल तर पिऊ नका की लेको. आणि कळलं तर कळू दे. पोरगा जिता हाताला लागला तर बाप दोन शिव्या देऊन गप्प बसंल. बाकी होस्टेलच्या सवलतीला माझा विरोध कायम.