सत्तेचाळिशीत पहिली शिडाची बोट: आधी शिकायचं की आधी घ्यायची?

नवखलाशी:
वय ४७, पोहता येतं, गुडघे थोडे कुरकुरतात. शिडाच्या बोटीवर आजवर फक्त पाहुणा म्हणून बसलोय. १९८२ च्या बांधणीची २४ फुटी फायबरची बोट विकायला आहे. स्थिर कील (तळाखालचं जड पातं), एक सिलिंडरचं डिझेल इंजिन, वरून चकचकीत पॉलिश. मालक म्हणतो, "घेऊन टाका, चालवता चालवता येईल." असं खरंच येतं का? आणि बघायला जाताना नेमकं काय तपासू?

बूमखाली_वाका:
आधी शिका, तेही लहान बोटीवर. १५-१६ फुटी डिंगीत (छोट्या उघड्या शिडाच्या बोटीत) चूक त्याच क्षणी कळते: शीट (शीड ओढायची दोरी) जास्त ओढली की बोट कलते, सुकाणू जोरात वळवलं की वेग मरतो. २४ फुटी कीलची बोट तीच चूक पोटात घालते आणि सवय मात्र पक्की होऊन बसते. गुडघे दुखत असतील तर लेझर (एकट्यानं चालवायची छोटी डिंगी) नको. तिचा बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) इतका खाली असतो की प्रत्येक टॅकला (नाक वाऱ्यातून पलीकडे वळवताना) जवळजवळ लोळावं लागतं. वेफेअररसारखी ४.८ मीटरची रुंद डिंगी बघा.

सुरुवात ८ ते १० नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्यात करा. वारा दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो, त्यामुळे १० ला जमलं म्हणजे २० ला जमेल असं धरू नका. पाण्यावर जागोजागी पांढरे तुरे दिसू लागले की नवशिक्यानं परत फिरावं.

स्वतःची बोट घेण्याआधी थांबणं अंगवळणी पडायला हवं. बोटीला ब्रेक नसतो. शीट सोडायची, शीड फडफडू द्यायचं, नाक वाऱ्याकडे करायचं. वारा मागून असेल तर शीट सोडूनही बोट थांबत नाही, कारण बूम श्राउडच्या (डोलकाठीला बाजूनं धरणाऱ्या) तारेला टेकतो आणि शीड भरलेलंच राहतं. धक्क्याला लागताना वाऱ्याच्या तोंडावर यायचं ते याचसाठी. दुसरी गोष्ट जाइब, म्हणजे बोटीची मागची बाजू वाऱ्यातून नेत वळणं: आधी मेनशीट (मोठ्या शिडाची दोरी) ओढून बूम मध्यावर आणा, सगळ्यांना मोठ्यानं सांगा, सुकाणू हळू फिरवा, बूम पलीकडे गेला की लगेच शीट सैल सोडा. ओढायला विसरलात तर बूम एका बाजूच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भिरभिरत येतो, आणि वाटेत डोकी असतात. तिसरी, हीव्ह-टू, म्हणजे बोट जवळजवळ थांबवून ठेवणं: जिबची (पुढच्या छोट्या शिडाची) शीट न सोडता टॅक करायचा, मेन (मोठं शीड) सैल ठेवायचं, टिलर (सुकाणूचा दांडा) वारा जातो त्या बाजूला बांधायचा. बोट शांत होऊन हळूहळू वाहत राहते. रीफ बांधायला (शीड लहान करायला), नकाशा बघायला उसंत मिळते.

चेनप्लेट:
पॉलिश विसरा. त्या काळातल्या फायबरच्या बोटींचा हल (बाहेरचं कवच) सहसा टिकतो; पैसा खातात ते डेक, तारा, इंजिन आणि शिडं.

डेकच्या दोन थरांमध्ये बहुतेक वेळा बाल्सा (हलकं लाकूड) किंवा प्लायवूड असतं. प्लॅस्टिकच्या हातोडीनं वीतभर अंतरावर ठोकत जा. टणक आवाज ठीक. भद्द आवाज म्हणजे आत पाणी शिरलंय. चेनप्लेट (डोलकाठीच्या तारा बोटीला धरून ठेवणारी धातूची पट्टी) आणि रेलिंगच्या खांबांच्या बुडाशी जास्त वेळ द्या, पाणी तिथूनच उतरतं. चेनप्लेट जिथे डेकमधून आरपार जाते तिथे पाणी साचतं पण हवा पोचत नाही, आणि स्टेनलेस नेमकं तिथेच आतून खातं. वरून चमकतं, आत चीर. केबिनमध्ये त्या जागेखाली तपकिरी ओघळ शोधा.

डोलकाठीच्या तारांवर, विशेषतः खालच्या टोकाशी, कापूस फिरवा. तुटलेला पदर कापूस पकडतो. तारा शेवटच्या कधी बदलल्या त्याचं बिल मागा. १० ते १५ वर्षं झाली असतील तर नव्या तारांचा खर्च किमतीत धरूनच बोला.

कील बघायची तर बोट पाण्याबाहेर हवी. कील आणि हलच्या जोडाला पुढून फट दिसते का ते पाहा, मग आत कीलच्या मागच्या टोकाशी तळाला तडे शोधा. दोन्ही असतील तर बोट कशावर तरी आदळलीय: कीलचं पुढचं टोक खाली ओढलं जातं, मागचं वर घुसतं.

सीकॉक (तळातल्या पाण्याच्या भोकांचे व्हॉल्व्ह) हातानं फिरले पाहिजेत. पितळ गुलाबी पडलं असेल तर त्यातलं जस्त निघून गेलंय, असा व्हॉल्व्ह हातात तुटून येऊ शकतो.

इंजिन गारच सुरू करायला सांगा. पोचल्या पोचल्या ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर सकाळीच चालवून ठेवलंय, काही तासांनी पुन्हा या. सुरू झाल्यावर एक्झॉस्टमधून पाणी पडतंय ना बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि सर्व्हेअर (बोट तपासणारा तज्ज्ञ) तुमचा हवा, विकणाऱ्यानं सुचवलेला नको.

वाऱ्याची_बाजू:
शिडांचं राहिलं. कापडाआधी उन्हानं दोरा मरतो. शिवणीचा टाका नखानं उचलून बघा, तुटला तर सगळी शिवण नव्यानं करावी लागेल. गुंडाळून ठेवायच्या जिबची मागची आणि खालची कडा आधी तपासा, कारण तेवढीच उन्हात उघडी राहते.

गुडघ्यांचा विचार करता एक गोष्ट सोडू नका: पाण्यात पडलेल्या माणसाला स्वतः ओढून खाली पाडता येईल अशी शिडी, दोन पायऱ्या पाण्याखाली जाणारी. भिजल्या कपड्यांत हातांच्या जोरावर वर चढणं पंचविशीतही अवघड. लाइफजॅकेट १५० न्यूटनचं (ही तरंगवण्याची ताकद), मांड्यांमधून जाणाऱ्या पट्ट्यासह.

नवखलाशी:
आज ठोकून आलो. डाव्या चेनप्लेटभोवती दीड वीतभर भद्द आवाज येतो. खाली बल्कहेडचं (केबिनमधल्या आडव्या भिंतीचं) प्लायवूड काळं पडलंय. सोडून देऊ?

चेनप्लेट:
दोन वेगळी दुखणी आहेत. डेकचा दीड वीत भाग दुरुस्त होतो: चेनप्लेट काढायची, ओला गाभा खरवडायचा, पूर्ण वाळू द्यायचा, पोकळी एपॉक्सीनं भरून त्यातून नवी खाच पाडायची. एपॉक्सीची कड राहिल्यानं पुढे पाणी झिरपलं तरी गाभ्यापर्यंत जात नाही. बल्कहेडचं तसं नाही. चेनप्लेटचे बोल्ट त्यातच असतील तर डोलकाठीचा ताण ते लाकूड पेलतंय. मालकाला विचारून काळ्या भागात, बोल्टजवळ, स्क्रूड्रायव्हर दाबा. टोक रुतलं तर बोट सोडा. रुतलं नाही तर चेनप्लेट बाहेर काढून दाखवायची अट घाला आणि मगच भावाचं बोला.