पहिली-दुसरीलाच शिकवायचंय, वय ३४. आता डीएलएड (प्राथमिक शिक्षकांची दोन वर्षांची पदविका) करावं का?

सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात राहते. खुला प्रवर्ग. बी.ए. इतिहास, २०२१ ला बी.एड., त्याच वर्षीच्या टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर दोन, म्हणजे सहावी ते आठवीचा, पास. सध्या एका पतसंस्थेत क्लार्क आहे, हातात चौदा हजार येतात. मुलगा चौथीत.

मला शिक्षिका व्हायचंय हे घरात कुणालाच नवीन नाही. पण तसं म्हटलं की लोक हायस्कूल धरून चालतात. मला लहान पोरंच हवीत, ज्यांना अजून वाचता येत नाही अशी. संध्याकाळी आमच्या ओट्यावर शेजारपाजारची पाच-सहा जण येऊन बसतात, पैसे घेत नाही. त्यातला पहिलीतला एक जण ‘क-म-ळ’ असं बोट ठेवून अगदी बरोबर म्हणायचा आणि शेवटी ठासून सांगायचा, “फूल!” चित्र बघून. आई म्हणायची, लक्षच नाही त्याचं. मी चित्रावर हात ठेवला तर गडी गप्प. मग पुस्तक बाजूला ठेवलं आणि पाटीवर तीच अक्षरं उलटीपालटी करून लिहीत गेले. मळ, कळ, कम, मक. ‘मक’ला तो थांबला आणि म्हणाला, “काकू, मक म्हंजी काय? असलं काय नसतंय.” म्हणजे आता तो खरंच वाचत होता. मला रोज हेच करायचंय.

अडचण अशी की मी बी.एड.ला प्रवेश घेतला तेव्हा एनसीटीईच्या (शिक्षकांची पात्रता ठरवणारी केंद्रीय संस्था) जून २०१८ च्या अधिसूचनेनुसार बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीलाही घेता येत होतं, नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम केला की झालं. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती वाट बंद झाली. आमच्या इथले एक क्लासवाले म्हणतात, सेतू अभ्यासक्रम आत्ता करून ठेवा, चालतो, फी भरा. हे खरं आहे का? नसेल तर नोकरी सोडून दोन वर्षं डीएलएड करण्यात या वयात काही अर्थ आहे का? जे या वाटेने गेलेत त्यांनी सांगा. “स्वप्नांना वय नसतं” वगैरे नको, ते घरचे सांगतातच.

खडूडस्टर: ताई, क्लासवाल्याला एक रुपया देऊ नका. तो सेतू अभ्यासक्रम ज्यांची नेमणूक निकालाआधी झाली त्यांची नोकरी टिकावी म्हणून आहे. तुमची नेमणूकच नाही, त्यामुळे तुम्हाला उपयोग शून्य.

डीएलएडला बारावीचे मार्क बघतात, खुल्या प्रवर्गाला ४९.५ टक्के लागतात. तेवढे असतील तर प्रवेशाची चिंता नको, बऱ्याच कॉलेजांत जागा रिकाम्या राहतात. खरी मेख पुढे आहे. टीईटीचा पेपर एक, पहिली ते पाचवीचा, वेगळा द्यावा लागेल, १५० पैकी ९०. तो तुम्ही काढाल. पण भरती सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होते आणि त्यासाठी अभियोग्यता चाचणी ही आणखी एक परीक्षा लागते. ती पहिल्यांदा झाली २०१७ ला, नंतर थेट २०२३, मग २०२५. पुढची कधी, कुणी सांगावं! खुल्या प्रवर्गाला वयाची अट ३८. म्हणजे प्रश्न तुमच्या ३४ चा नाहीच, सरकार परीक्षा कधी घेतं त्याचा आहे. एक बरं, २०२५ ला शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही फॉर्म भरता आला होता.

गणितवाला: पेपर दोन हातात आहे तर सहावी ते आठवी भरा की. दोन वर्षं आणि पगार का घालवायचा? मुलं ती मुलंच.

डोंगरशाळा: गणितवाले सर, मुलं ती मुलंच नसतात हो. आठवीला शिकवणाऱ्या आमच्या सरांना पहिलीवर बसवलं तर ते दुपारच्या सुट्टीपर्यंत टिकायचे नाहीत.

ताई, मी जिल्हा परिषदेच्या दुशिक्षकी शाळेत आहे. दोघांत पाच वर्ग. पहिलीच्या पोराचं बोट धरून ‘ग’ गिरवून घेताना चौथी मागे पाढे लिहीत असते, आणि तेवढ्यात पोषण आहाराची माहिती ऑनलाइन भरा म्हणून फोन येतो. निवडणुकीचं काम वेगळंच. सुरुवातीची तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून सोळा हजारांवर काढावी लागतात. जिल्हा कुठला मिळेल सांगता येत नाही, माझ्या ओळखीच्या एक बाई नंदुरबारला आहेत, पोरं साताऱ्यात. एवढं सगळं मान्य असेल तरच नोकरी सोडा. मात्र एक सांगतो, पहिलीचा वर्ग मागितला तर बहुतेक मिळतो, कारण तो दुसऱ्या कुणाला नको असतो.

कोयनाकाठ: मी ३१ व्या वर्षी डीएलएडला आले, आता दुसरं वर्ष. पतसंस्था सांभाळून होईल ही आशा सोडा. हजेरी असते, सराव पाठ असतात, शिवाय आंतरवासितेत पूर्ण वेळ शाळेत जावं लागतं. “हजेरीचं बघू आपण” म्हणणारी कॉलेजं भेटतील, तिकडे जाऊ नका. तुम्हाला वाचन शिकवायचंय ना, मग शिकण्यासारखं सगळं त्या शाळेतल्या दिवसांतच आहे. वर्गात अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरी असतात, पहिला महिनाभर मला “मॅडम” म्हणायच्या, आता डबा पळवतात.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. क्लासवाल्यांना नाही म्हणून कळवलं. बारावीला ६१ टक्के आहेत, म्हणजे प्रवेश बसतो. गणितवाले दादा, सहावी ते आठवीचा अर्जही भरणार आहे, पेपर दोन वाया का घालवू? पण मन तिकडे नाही.

परजिल्ह्याचं काल घरात बोलले. ह्यांचं म्हणणं, दोन वर्षं ओढून नेऊ, नंदुरबार मिळालं तर तेव्हा बघू. सासूबाई काही बोलल्या नाहीत, म्हणजे बोलणार आहेत. पैशाचं गणित असं आहे की गाडीचा हप्ता पुढच्या मार्चला संपतो, त्यामुळे यंदा न जाता पुढच्या वर्षी प्रवेश घ्यावा असं एक मन म्हणतं. खडूडस्टर दादांचं वाचून मात्र ते एक वर्ष फार महाग वाटायला लागलंय.

आता नेमकी माहिती हवी आहे. फलटणच्या डाएटला (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) कोरेगाव भागातून रोज एसटीने जाऊन-येऊन कुणी शिकलंय का? सकाळची गाडी वेळेत पोचते का, की तिकडे खोलीच घ्यावी लागते? मुलाची शाळा इथे आहे, म्हणून विचारते.