'मार्जिनल वर्कर'ला मराठीत काय म्हणावं?

अनुस्वार
एका अहवालाचं मराठीकरण चालू आहे, विषय जनगणनेतली रोजगाराची कोष्टकं. 'मेन' आणि 'मार्जिनल' वर्करना मी 'मुख्य काम करणारे' आणि 'सीमांतिक काम करणारे' लिहिलं. जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनात हेच छापलेलं असतं. संपादकांनी 'सीमांतिक' खोडून 'अल्पकालीन' केलं. त्यांच्या मते सीमांतिक वाचल्यावर सरहद्दीवरचे मजूर डोळ्यांपुढे येतात. तुम्ही काय लिहाल?

धुळाक्षर
संपादकांचं बरोबर आहे. 'मार्जिनल फार्मर'ला आपण अत्यल्पभूधारक म्हणतो, त्याच चालीवर 'अत्यल्प काम करणारे' लिहा.

बांधावरून
'अत्यल्प काम करणारा' म्हणजे कामचुकार वाटेल. आधी व्याख्या बघू. १९८१ पासून हिशेब असा: मागच्या वर्षभरात १८३ दिवस किंवा जास्त काम केलं तर मुख्य, त्याहून कमी केलं तर सीमांतिक, अजिबात केलं नाही तर 'काम न करणारे'. २०११ मध्ये सीमांतिकांचेही दोन भाग पाडले: तीन महिन्यांच्या आतले आणि तीन ते सहा महिन्यांचे. निकष काळाचा आहे, त्यामुळे 'अल्पकालीन' अगदीच चुकीचं नाही. पण त्यातून 'थोड्या मुदतीची नोकरी' असा अर्थ निघतो, आणि इथे नोकरी असेलच असं नाही. २०११ ला देशात सुमारे ४८.२ कोटी लोक काम करणारे निघाले. त्यांतले जवळपास ११.९ कोटी सीमांतिक. एवढ्या माणसांना नाव देताना घाई नको.

गोदाकाठ
मी बीडचा. आमच्याकडची माणसं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परततात. पाचेक महिने तोड, मग घरची खरिपाची पेरणी-खुरपणी, जमलं तर दुसऱ्याच्या रानात रोजानं. जनगणना हे सगळे दिवस एकत्र धरते, त्यामुळे असा माणूस मुख्य कामगारातच बसायला हवा. पण मोजणी कधी झाली? ९ ते २८ फेब्रुवारी २०११. ऐन हंगामात. गावात कुलपं, माणसं कारखान्याच्या तळावर पाचटाच्या खोपीत. तिथे प्रगणक आला तर सांगणार कोण आणि काय?

आणखी एक. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याला मिळते आणि ती बहुतेक नवऱ्याच्या हातात पडते. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, पण हिशेबात तिचं वेगळं नाव नाही. जनगणनेत निदान माणूस सुटा मोजतात. तेवढ्यासाठी मला जनगणनेचं मोल वाटतं.

समईवात
सुटा मोजतात, पण विचारतात कसं त्यावर सगळं आहे. १९६१ ला हंगामी कामासाठी हंगामाच्या बऱ्याचशा काळात रोज तासभर काम पुरत होतं. १९७१ ला 'मुख्यतः काय करता' हे आधी विचारलं. बायकांनी 'घरकाम' सांगितलं आणि देशातल्या काम करणाऱ्या स्त्रियांचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. बायकांनी दहा वर्षांत खुरपी टाकली नव्हती! १९९१ ला 'घरच्या शेतातलं बिनपगारी कामही धरा' हे प्रश्नातच घातलं, २००१ ला घरच्यापुरतं दूध काढणंही काम ठरलं.

माझे वडील प्राथमिक शिक्षक, २००१ ला प्रगणक होते. एक बाई दाराशी बियाण्यासाठी शेंगा फोडत होत्या. "काय काम करता?" तर म्हणाल्या, "काही नाही, घरीच असते." वडिलांनी मग एकेक विचारलं: कापूस वेचायला गेलात का, म्हैस कोण पिळतं, राखणीला कोण जातं. त्या मुख्य कामगारात आल्या. पुढच्या घरी प्रगणक दमलेला असेल तर तशीच बाई 'काम न करणारी' होते.

धुळाक्षर
म्हणूनच शब्द नेमके हवेत. वर्तमानपत्रं 'नॉन-वर्कर'चं सरळ 'बेरोजगार' करतात. त्यात विद्यार्थी, घरकाम करणाऱ्या, अवलंबून असलेले, पेन्शनर, भाड्या-व्याजावर जगणारे, भिकारी, सगळे येतात. 'बेकार' हा स्वच्छ शब्द असताना 'बेरोजगार' हिंदीतून उचलायची गरज काय?

बांधावरून
बेकारही फारसीच: बे आणि कार. आता त्याचा पहिला अर्थ 'वाईट' झालाय. बेकार चहा, बेकार रस्ता. शिकलेल्या पोराला 'बेकार' म्हणून बघा, त्याला लागतं. बेरोजगार म्हटलं की निदान दोष त्याच्याकडे जात नाही.

धुळाक्षर
लागतं म्हणून शब्द सोडायचा नसतो. 'सुशिक्षित बेकार' दोन पिढ्यांनी वापरला.

समईवात
पण जनगणनेत बेकार असा स्वतंत्र खणच नाही. 'काम शोधता का, मिळालं तर कराल का' हा प्रश्न काम न करणाऱ्यांना विचारतात आणि सीमांतिकांनाही. म्हणजे एकच बाई काम करणारीही असते आणि काम शोधणारीही. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाची साप्ताहिक मोजपट्टी वेगळी आहे. तिथे आठवड्यात एका दिवशी तासभर काम मिळालं तरी माणूस रोजगारात. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून बेकारी वाढली-घटली म्हणणं चूकच.

अनुस्वार
संपादकांना 'हंगामी काम करणारे' सुचवू का?

बांधावरून
नको. नाक्यावरच्या बिगाऱ्याला हंगाम नसतो, तरी त्याचे दिवस १८३ भरतील याची खात्री नाही. या शब्दाचाही प्रवास बघा. बेगार म्हणजे फुकट राबवून घेणं, वेठ. त्यातूनच बिगारी आला, आणि आज बिगारी रोज ठरवल्याशिवाय पाटी उचलत नाही.

गोदाकाठ
रोज तरी मोजता येतो. आमच्याकडे खुरपणी गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, देतात. पाच बाया मिळून चार दिवसांचं रान दोन दिवसांत उरकतात. त्यांचे दिवस किती धरायचे? दोन धरले तर वर्षाच्या हिशेबात त्या सीमांतिक व्हायच्या.

धुळाक्षर
'गुत्तं' नव्हे, 'उक्तं'.

गोदाकाठ
मराठवाड्यात गुत्तंच म्हणतात, ठेकेदारही गुत्तेदारच. कन्नडमध्ये ठेक्याला गुत्तिगे म्हणतात, तिकडून आलेला असणार. तुमचं उक्तं कुठून आलं ते सांगा.