गारांनी कौलं फुटली, फुटकी तेवढी बदलू की सगळं उतरवून पत्रा टाकू?

देवरुखची_लेक
नमस्कार मंडळी, घर देवरुखच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला आहे, आईबाबा दोघंच असतात आणि मी पनवेलला. परवाच्या अवकाळीत गारा पडल्या, आंबा तर गेलाच पण दक्षिणेकडच्या पाख्याची (छपराच्या उताराची) शंभर-सव्वाशे कौलं फुटली, माजघरातून आभाळ दिसतंय. मंगलोरी कौलं आहेत आजोबांच्या वेळची, खाली सागाचे वासे. पत्रेवाला म्हणतो सगळं उतरवा, लोखंडी अँगलवर कलर पत्रा टाकतो, आठवड्यात काम, माकडांचा त्रासही संपेल. बाबा म्हणतात कौलंच हवीत. पाऊस तोंडावर आलाय, काय करावं?

गुहागरकर
ताई, आधी कशालाही हात लावायच्या आत फोटो काढा, आतून बाहेरून दोन्ही, आणि तलाठ्याला सांगून पंचनामा करून घ्या. गारपीट आपत्तीच्या यादीत आहे. घराचं निदान १५ टक्के नुकसान दिसलं तर मदत मिळते, २०२२-२६ च्या निकषांत पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये होते. त्यात छप्पर होत नाही पण हक्काचे पैसे का सोडायचे.

सुतारकाम_रत्नागिरी
कौलं किती फुटली यावर ठरवू नका, लाकडावर ठरवा. वळचणीला जिथे वासा भिंतीवर टेकतो तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून बघा, सहज आत गेला तर वाळवी नाहीतर कुज. रीपा (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या) बदलणं किरकोळ काम आहे, एखाद-दुसऱ्या वाशाचं टोक गेलं असेल तर जोड देता येतो, पण आढंच (माथ्याचं आडवं लाकूड) खचलं असेल तर मात्र सगळं उतरवावं लागेल.
दुसरं म्हणजे जी कौलं शाबूत दिसतायत ती पण उतरवून बोटाने वाजवा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द आवाज आला तर त्यात बारीक चीर आहे, ते पावसात गळणारच.
आणि नवीन कौल जुन्यात नीट बसत नाही, प्रत्येक कंपनीची खाच वेगळी असते, कौलाच्या मागे कंपनीचा छाप असतो तो बघून घ्या. मी काय करतो, दोन्ही पाख्यांची चांगली जुनी कौलं एका पाख्यावर लावतो आणि दुसऱ्यावर पूर्ण नवीन, रीपांचं अंतर नवीन कौलाच्या मापाने ठेवून. सरमिसळ केली की हमखास गळती. गावात कोणी घर पाडून स्लॅब घालत असेल तर तिथे त्याच छापाची कौलं विचारा, बहुतेक वेळा मिळतात.

श्रीवर्धनहून
आमच्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळात कौलं पानासारखी उडाली, नंतर आम्ही पत्राच घातला आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. घरात वयस्कर माणसं असतील तर दरवर्षी शाकारणीला, म्हणजे पावसाआधी कौलं नीट करायला, माणूस शोधायचा कुठे, कोणी मिळतच नाही हो. पण खरं ते सांगते, मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही, पावसात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, आणि समुद्र जवळ असल्यामुळे स्क्रूच्या कडेने गंज धरतो. तुमच्याकडे खारं वारं नाही, तो त्रास कमी होईल. घालायचाच तर खाली सिलिंग करा.

देवरुखची_लेक
बाबांनी बघून सांगितलं, आढं मजबूत आहे, दोन वाशांची टोकं मऊ लागली. मग कौलंच करतोय, दादा म्हणाले तसं एक पाखं नवीन. सुतार यायला वेळ आहे, तोवर ताडपत्री कशी बांधू?

सुतारकाम_रत्नागिरी
आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर चांगली हातभर उतरवा, नाहीतर पाणी वरच्या कडेने खाली शिरतं. दगड ठेवू नका, वाऱ्याने घसरून आणखी कौलं फुटतात. दोरी आतून वाशाला बांधा. आणि बाबांना वर चढू देऊ नका, गड्याला पण सांगा पाय कौलाच्या मधोमध नाही, रीपेवर.